खालचं रडणं सोडा

प्रोग्रॅम कंपाइल होता होता अडला आणि पडदा चुका सांगणाऱ्या लाल ओळींनी भरून गेला, की सर चष्मा कपाळावर चढवायचे, मान पुढे काढायचे आणि पडद्यावर नुसते वर वर जात राहायचे. "खालचं रडणं सोडा मॅडम. पहिली चूक वर असते, बाकीच्या तिच्याचपायी." सर आता नाहीत. लाल ओळी दिसल्या की माझा हात मात्र अजूनही आपोआप वर जातो.

नांदेडच्या एका कॉलेजात आम्ही दोघं संगणक शिकवायचो. ते मूळचे बिलोलीकडचे. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. घरचं लग्नकार्य असलं तरी मशीन अडलंय म्हटल्यावर अक्षता टाकून परत येणारा.

एकदा मी एका जुन्या प्रोग्रॅमपायी हट्टाला पेटले. त्याला एका लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी होती. लायब्ररी म्हणजे तयार कामाचा साठा, मशीनमधले कितीतरी प्रोग्रॅम तो मिळून वापरतात. मी नवी काढून जुनी बसवली आणि नंतर मशीन सुरूच होईना. सर पोट धरून हसले. "एका पाहुण्यापायी सगळं घर उपाशी ठेवलंत की हो!" मग त्यांनी जुन्या लायब्ररीसाठी निराळा फोल्डर केला आणि फक्त त्या प्रोग्रॅमला तिकडचा पत्ता दिला. "ज्याचं पटत न्हाई त्याची चूल येगळी मांडून द्यायची. घर तेच ऱ्हातं."

त्यांच्या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. सगळे त्यांना बाई म्हणत, सरसुद्धा. आवाज असा खणखणीत, की शेजारच्या वर्गातली मुलंही पाढे सुधारून घेत. त्याच घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं.

ऑपरेशनच्या आधी सरांनी बाईंना समोर बसवून ढीगभर वाक्यं वाचून घेतली. रेकॉर्ड केलेल्या आवाजातून नवी वाक्यं बोलणारा एक प्रोग्रॅम त्यांना सापडला होता. पण तो जुनापुराणा, बनवणाऱ्यांनीही सोडून दिलेला. मशीन ज्यावर चालतं त्या नव्या लिनक्सवर काही केल्या बसेना. एक लायब्ररी द्यावी तर तिला दुसरी हवी. दुसरी द्यावी तर तिचं तिसरीशी वाकडं. मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून सर त्याच्याशी झटत. तिकडे ऑपरेशन होऊन बाई पाटीवर लिहून बोलत होत्या. "लई बोलकी हो ती," ते एकदा म्हणाले, "आता घरात नुसता खडूचा आवाज येऊन राहिला."

शेवटी तो प्रोग्रॅम बसला, अर्थात वेगळ्या चुलीवर. त्या दिवशी मी त्यांच्या घरी होते. सरांनी लॅपटॉप बाईंपुढे सरकवला. काहीतरी मोठं ऐकायला मिळणार म्हणून आम्ही दोघं कान देऊन बसलो. बाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, घाईघाईने टाइप केलं, आणि त्यांचाच आवाज, थोडा डब्यातून आल्यासारखा, म्हणाला, "दूध उतू चाललंय, उठा!"

सर पळाले. दूध गेलंच. आत ओटा पुसता पुसता सर रडत होते आणि बाहेर बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

एक उन्हाळा त्या तशा बोलल्या. मग दुखणं उलटलं आणि बाई गेल्या.

सर कामावर आले, पण प्रॅक्टिकल संपलं तरी लॅबमध्येच बसून राहत. एकदा मी चहा घेऊन गेले. चष्मा कपाळावर होता, समोरचा पडदा मात्र बंद. "मॅडम, वर वर जाऊन बघून राहिलो मी. दिवाळीत तिचा आवाज बसला व्हता. का त्याच्याबी आधी, गॅदरिंगच्या टायमाला? शिकवून शिकवून बसला म्हणलो आमी. पहिली ओळच घावंना." खालचं रडणं सोडा, हे त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवायची माझी छाती झाली नाही. असं वर वर जाऊन शोधायला त्यांना कुणी शिकवलंच नसतं तर फार बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

त्या लॅपटॉपला त्यांनी पुन्हा बोलतं केलं नाही. वर्षश्राद्धाला कुणी नातेवाईक म्हणाला, बाईंच्या आवाजात चार शब्द होऊ द्या की. सर कधी नव्हे ते भडकले. "ती जे बोलली न्हाई, ते तिच्या तोंडात घालू व्हय मी?"

ते निवृत्त झाले, डोळे अधू झाले आणि तो लॅपटॉपही मरायला टेकला. मग त्यांनी मला बोलावलं. "नव्या मशीनवर बसवून द्या. ऐकणार न्हाई मी. पण तिचा आवाज घरात असावा."

मी बसले. लाल ओळी आल्या. मी वर गेले, पहिली चूक शोधली, जुन्या लायब्ररीला वेगळा फोल्डर केला. जमलं एकदाचं. "सर, तपासायला एखादं वाक्य टाकावं लागेल," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, "तिनं म्हणलेलंच टाका. पहिलं."

मी ते टाइप केलं. बाई बोलल्या.

घरात दूध नव्हतं, गॅसही बंद होता. तरी सर खुर्चीचा हात धरून लगबगीने उठले, भिंत चाचपत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले.