मामांचा डावा हात

आमच्या व्हायोलिनमामांचा डावा हात कायम पँटच्या खिशात असायचा. बसमध्ये दांडा उजव्या हातानं धरायचे, पिशवीही उजव्याच हातात. त्यांना कांदा चिरायला सांगायची मामींना सोयच नव्हती. "उजव्याचं बोट गेलं तर गज कसातरी धरीन," मामा म्हणायचे, "तारा दाबणारं डावं गेलं तर नाताळच गेला."

आणि असला माणूस कामाला कुठे, तर चाकणला पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर! मी त्याच कंपनीत पॅकिंगला. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा जड साचा खाली येतो, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. पण डिसेंबरात माल कमी पडला की सुपरवायझर चिकटपट्टी लावून एक बटण दाबूनच ठेवायचा. मोकळ्या झालेल्या हातानं पत्रा आत सरकवत राहिलं की काम भराभर उरकतं. मामा पट्टी लावलेल्या प्रेसला शिवायचे नाहीत. बोलणी खायचे, ओव्हरटाइम सोडायचे, पण नाही म्हणजे नाही. सगळे त्यांना नवाबसाहेब म्हणायचे, मीसुद्धा.

आकुर्डीच्या आमच्या चर्चमध्ये नाताळच्या सकाळी उपासनेआधी मामा एकटे वाजवायचे. गाणं नाही, ढोलकी नाही, टाळ्या नाहीत. नाइट शिफ्टहून थेट आलेली माणसं बाकावर बसल्या बसल्या पेंगायची. एकदा पाळकसाहेब त्यांना उठवायला निघाले, तर मामांनी वाजवता वाजवताच मान हलवून नको म्हटलं. नंतर म्हणाले, "झोपू द्या हो. मशीनवर डुलकी लागण्यापेक्षा इथं लागलेली बरी." वर्षभर आमच्या कानात प्रेसची धाडधाड बसलेली असते. तेवढा वेळ ती निघून जायची. खरं सांगते, नवी साडी, केक राहू द्या, माझा नाताळ तेवढाच.

मागच्या डिसेंबरात मामांनी पुन्हा नकार दिला आणि सुपरवायझरनं त्यांच्या जागी ज्ञानोबाला उभं केलं. परभणीकडचा, लेकराबाळांचा, नुकताच कामाला लागलेला. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? आठवड्याच्या आत त्याच्या डाव्या हाताची बोटं प्रेसमध्ये गेली.

त्या नाताळला मामा व्हायोलिन हनुवटीखाली धरून उभे राहिले, पण गज काही हलेना. तेवढ्यात दारातून ज्ञानोबा आत आला. हाताला भलं मोठं बँडेज. तो आमच्या धर्माचा नाही, पूर्वी कधी आलेलाही नाही. तो येऊन पुढच्याच बाकावर बसला.

"ज्ञानोबा, माझ्या वाटणीचं तुझ्यावर आलं रे," मामा म्हणाले.

"वाजवा मामा," ज्ञानोबा शांतपणे म्हणाला. "ज्या हातासाठी माझा हात गेला, तो काय वाजवतो ते ऐकू तरी द्या."

मामांनी वाजवलं. दरवर्षीसारखंच गोड वाजवलं, पण त्या दिवशी कुणाचा डोळा लागला नाही.

जानेवारीत मामा आपणहून सुपरवायझरकडे गेले आणि तेच मशीन मागून घेतलं. मामी रडल्या, पाळकसाहेबांनी समजावलं, मी तर कडकडून भांडले. म्हटलं, दुसरी कंपनी बघा, जगात काय हाच एक प्रेस आहे?

"मी सोडला की तिथं कुणीतरी उभं राहणारच," मामा म्हणाले. "आता जो कोण उभा राहील, त्याचं तोंड मला आधीच दिसतं."

पहिल्याच दिवशी त्यांनी पट्टी सोलून काढली. यंदा माल फारसा उठत नव्हता, म्हणून सुपरवायझरनंही तिकडे काणाडोळा केला. वर्षभर मामा दोन्ही हातांनी बटणं दाबत राहिले आणि मीही जरा निर्धास्त झाले. पण परवा मोठी ऑर्डर आली आणि ओव्हरटाइम सक्तीचा झाला. नाताळ तर तोंडावर आलाय.

आज दुपारी मी पॅकिंगमधून बघत होते. सुपरवायझर चिकटपट्टी घेऊन मामांच्या मशीनपाशी आला. मामा दोन्ही हात जोडून त्याला काहीतरी सांगत होते. त्यानं ऐकून घेतलं, पट्टी लावली आणि निघून गेला. मामा तिथून हलले नाहीत. त्यांनी पुढचा पत्रा घेतला आणि डाव्या हातानं आत सरकवला.