मी बस धरली की मशीन बंद

"मॅडम, पुन्हा थांबली," दिगंबरभाऊंचा फोन आला तेव्हा मी नायगावहून नांदेडला निघालेल्या एसटीत होते. अर्धा रस्ताही झाला नव्हता. निघण्याआधी मी स्वतः शेजारी बसून ते मशीन तीन तास चालवलं होतं, एकदाही अडलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. शेजारी कंडक्टर होता म्हणून तोंडात आलेला शब्द गिळला.

ही माझी तिसरी खेप होती.

मी नांदेडला ऑटोमेशनची कामं करते. म्हणजे मशीनला मेंदू बसवायचा आणि तो रुसला की शिव्या खायच्या. दिगंबर पांचाळ यांचं नायगावात लाकडाचं वर्कशॉप आहे, घराला लागूनच. त्यांच्याकडे सीएनसी राउटर आहे. एक भलंमोठं टेबल, त्यावर पुढे-मागे सरकणारा पूल, पुलावर जोरात फिरणारा स्पिंडल आणि त्याच्या टोकाला कोरणारं बिट. कॉम्प्युटर सांगेल तिकडे बिट जातं आणि लाकडात नक्षी उतरते. त्यांचा जुना कॉम्प्युटर भुसा खाऊन खाऊन मेला. मी उघडला तर आतून ओंजळभर भुसा निघाला. तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, एवढा मोठा डबा हवाय कशाला, आणि पत्त्यांच्या कॅटएवढा एक बोर्ड त्यांच्या तळहातावर ठेवला. अख्खा कॉम्प्युटर त्या एका पट्टीवर असतो, म्हणून त्याला सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणतात. त्यावर लिनक्स टाकलं, मशीन चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं, छोटा पंखा असलेल्या भोकाभोकाच्या डबीत तो बसवला आणि डबी भिंतीच्या फळीवर ठेवली. दिगंबरभाऊ म्हणाले, "मॅडम, एवढुसा जीव हा. एवढी मोठी मशीन वढंल का?" मी म्हणाले, मुंगी साखरेचं पोतं रिकामं करते, बघत राहा.

निघताना मात्र सगळ्या घराला दम दिला होता. भुशाचा एक कणसुद्धा याच्या आत जाता कामा नये. जुन्याचं काय झालं ते पाहिलंत ना?

आता थोडं आतलं सांगते. हे सॉफ्टवेअर दर सेकंदाला हजारो टिचक्या मोटरकडे पाठवतं. एका टिचकीला मोटर एक बारीकसं पाऊल टाकते. टिचकी वेळेवर पोचलीच पाहिजे. बोर्डाला उशीर झाला तर स्क्रीनवर 'रिअलटाइम डिले' असं येतं आणि मशीन जागच्या जागी थांबतं. तसं सेटिंग मीच केलं होतं, चुकीचं कोरण्यापेक्षा थांबलेलं बरं म्हणून. पण स्पिंडलचा स्विच हाताचा, तो गरगरतच राहतो. एकाच जागी गरगरणारं बिट लाकूड जाळतं. तो काळा डाग मग कशानंच जात नाही.

दिगंबरभाऊंच्या वर्कशॉपात असे डाग पडलेल्या फळ्यांची थप्पी लागली होती. सगळ्या टाकाऊ होत्या म्हणून ठीक. खरी फळी आत, भिंतीला टेकवून, चादर पांघरून ठेवलेली होती. ती सोनकांबळे गुरुजींनी आणली होती. गुरुजी रिटायर्ड मास्तर. त्यांच्या वस्तीवर विहार बांधून झाला होता आणि बुद्ध पौर्णिमेला उद्घाटन होतं. आत बसवायला धम्मचक्र हवं होतं, सागवानी, अखंड, जोड नसलेलं. तेवढ्या रुंदीची फळी मिळता मिळेना. वस्तीनं घरटी हातभार लावला, गुरुजींनी किनवटच्या तीन चकरा मारल्या, तेव्हा कुठं ही एक मिळाली. तशी दुसरी नव्हतीच.

गुरुजींनी मला एकच विचारलं होतं. "बाई, मधीच थांबली तर फळीचं काय?"

"वाया जाईल, गुरुजी."

"मग आधी परीक्षा घ्या तिची. सहा तास सलग चालली तर पास. तंवर फळीला हात न्हाई." आणि स्टूल ओढून तिथंच बसले, परीक्षेला सुपरवायझर बसावा तसे.

मशीन काही पास होईना. पहिल्या खेपेला मी पॉवर सप्लाय बदलला. दुसऱ्या खेपेला वायफाय बंद केलं, स्क्रीनवरचं चित्र हलकं केलं, मेमरी कार्ड नवं घातलं. तिसऱ्या खेपेला वायरमन बोलावून अर्थिंग नव्यानं करून घेतलं. दर वेळी टेंपरेचर पाहिलं, अगदी ठीक. दर वेळी माझ्यासमोर मशीन शहाण्या सुनेसारखं खाली मान घालून चालायचं. मी बस धरली की थांबायचं. दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबते ना, तसलाच प्रकार. दिगंबरभाऊ अवघडून म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथंच राहून घ्या पौर्णिमेपर्यंत." ते चेष्टेत म्हणाले, पण मला झोंबलं. पौर्णिमेला आठ दिवस उरले होते. त्यांनी हातानं कोरायची छिन्नी काढून धार लावायला घेतली होती, आणि हातानं आठ दिवसांत ते होणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

दोन दिवसांनी मला देगलूरला एका तेलाच्या घाण्याचं काम निघालं. ते लवकर आटोपलं. परतीची बस नायगावला थांबली आणि मी कसलाही विचार न करता उतरले. फोन केला नाही, करायचं डोक्यातच आलं नाही. दुपारचे दोन वाजले होते. वैशाखाचं ऊन. वर्कशॉपपर्यंत चालत जाईस्तोवर डोक्यावरचा पदर तापला.

दिगंबरभाऊ टाकाऊ फळीवर मशीन चालवत होते. त्यांची पाठ माझ्याकडे. माझी नजर डबीच्या भिंतीवरच्या फळीकडे गेली आणि क्षणभर मला वाटलं, या घरात लेकरू कधी आलं? डबीच्या जागी एक कुंची होती. तान्ह्या बाळाला घालतात तशी, टोपडं आणि पाठीवर घोळ असलेली. जुन्या लुगड्याचे चार थर, वर बारीक टाके, कडेला लाल गोट, खाली गळ्याशी बंद. बंद घट्ट आवळून गाठ मारलेली. वायरी तेवढ्या खालून बाहेर आल्या होत्या.

मी स्क्रीनवर टेंपरेचर पाहिलं. ब्याऐंशी. हे बोर्ड फार तापले की स्वतःला वाचवायला आपला वेग स्वतःच कमी करतात. याला थ्रॉटलिंग म्हणतात. उन्हात माणूस पाय ओढत चालतो, तितकंच ते. वेग कमी झाला की टिचक्यांना उशीर, आणि टिचक्यांना उशीर झाला की... तेवढ्यात थांबलंच मशीन. माझ्यासमोर, पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. दिगंबरभाऊ दचकून वळले. मशीन बंद पडल्यावर खुश होणारी इंजिनिअर त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल.

टाळीच्या आवाजानं त्यांच्या आई, गयामावशी, आतून आल्या. मला पाहिलं आणि लगबगीनं कुंचीच्या गाठीला हात घातला. "अगं माय, आलीस व्हय? सांगायचं तर न्हाई का. थांब, काढते."

"मावशी, हे मी आले की दर वेळी काढता?"

"मग? पाव्हणे आल्यावर खोळ काढतेतच की. टीव्हीची काढतो, गादीची काढतो. तुला काम करायचं असतंय. आन गेलीस की पुन्हा घालते. भुसा जाऊ देऊ नका म्हनली व्हतीस तू." मग जरा ओशाळून म्हणाल्या, "लई बारकं हाय ते. घुंगुर लावनार व्हते कडेला, ऱ्हायले."

मी मटकन स्टुलावर बसले आणि हसायला लागले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दिगंबरभाऊंना आधी कळेना, कळल्यावर ते कपाळाला हात लावून खाली बसले. ते रोज त्या कुंचीकडे बघत होते, पण ती त्यांना कधी दिसलीच नव्हती. आईनं घरात झाकलेली वस्तू कुणाला दिसते? मावशी मात्र रडवेल्या झाल्या. त्यांना वाटलं त्यांनी लोकांच्या विहाराचं काम बिघडवलं. मी उठून त्यांचे हात धरले. म्हणाले, मावशी, चूक माझी. भुसा जाऊ देऊ नका एवढंच मी सांगितलं. याला वारा लागतो, हा श्वास घेतो, हे मी सांगितलंच नाही. तुम्ही माझं ऐकलंत, तेही इतकं सुबक.

उपाय अर्ध्या दिवसाचा होता. बोर्ड मोठ्या पत्र्याच्या डब्यात बसवला, पंखा मोठा लावला. भुसा अडवायला पंख्याच्या तोंडावर जाळी हवी होती, ती मावशींनी मलमलीच्या एकाच थराची शिवली, काढून झटकता येईल अशी. दुसऱ्या दिवशी गुरुजी परीक्षेला बसले. मी मुद्दाम बाहेर, रस्त्यापलीकडच्या रसवंतीत जाऊन बसले. सहा तास मशीन चाललं. टेंपरेचर साठच्या वर गेलं नाही. गुरुजी बाहेर आले आणि म्हणाले, "पास हाय. फर्स्ट क्लास."

मग चादर काढली. सागवानाचा तो वास अजून आठवतो. फळी टेबलावर आवळताना दिगंबरभाऊंनी प्रत्येक स्क्रू दोनदा तपासला, आणि खोटं कशाला बोलू, मीही. बिट खाली उतरलं. पहिला आरा उमटला, दुसरा, तिसरा. गुरुजी स्टुलावरून उठून टेबलाला टेकले आणि मोठ्यानं मोजू लागले. मावशी मलमल झटकायच्या निमित्तानं दर तासाला येऊन बघून जात. दहाव्या आऱ्याला वस्तीवरचे चौघे-पाच जण आले आणि तेही मोजायला लागले. चोविसावा पुरा झाला तेव्हा दिगंबरभाऊंनी स्पिंडल बंद केला. गुरुजींनी भुसा फुंकरीनं उडवला, सगळ्या आऱ्यांवरून एकदा तळहात फिरवला आणि मला म्हणाले, "डाग न्हाई, बाई. एकबी न्हाई." मी त्यांच्याकडे बघितलं नाही, नाहीतर रडले असते.

पौर्णिमेला मी गेले होते. चक्र भिंतीवर बसलंय, अखंड.

धंद्यात एवढी वर्षं काढली, पण सर्व्हिसिंगचा सगळ्यात उपयोगी नियम मी त्या दुपारी शिकले. आता कुठल्याही गिऱ्हाइकाकडे जाताना मी आधी फोन करत नाही.