अगरचा अर्क

हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं एका घरात काढली, आणि हे मात्र नाही. सई, निखिल, तुम्ही दूर आहात म्हणून लिहायला जमतंय का? समोर बसला असतात तर मी बहुधा चहा टाकायच्या निमित्ताने उठून गेले असते.

निखिल, पत्त्यांत लबाडी केलीस म्हणून मी एकदा दिवसभर तुझ्याशी बोलले नव्हते. आठवतं? ती मी.

लग्नाआधी मी गिरगावात एका खाजगी प्रयोगशाळेत रसायनं तपासायचे. तिथे मी एकटीच बाई. बाकीचे तसे चांगले होते, पण जरा उशीर झाला की शेजारच्या टेबलावरचे कारखानीस म्हणायचे, "काय बाई, भाजी शिजली नाही अजून?" सगळे हसायचे. मीही हसायचे. आतून — नाही.

एका अत्तरवाल्या व्यापाऱ्याने अगरच्या लाकडाचा नमुना पाठवला. अगरचं झाड एरवी साधंच. पण त्याला जखम होऊन कीड लागली की आत काळी राळ धरते, आणि तिचाच तो सुगंध. म्हणून बाजारात साधं लाकूड काळं करून, वर तेल चोळून अगर म्हणून खपवतात. व्यापाऱ्याला संशय होता की गोदामाची किल्ली सांभाळणाऱ्या तावड्यांनी खरा माल विकून त्या जागी खोटा ठेवला. खरंखोटं आम्ही सांगायचं.

रीत सोपी होती. लाकडाचा भुगा काचेच्या पात्रात ठेवायचा, गरम अल्कोहोल त्यातून पुन्हा पुन्हा फिरवायचं, राळ त्यात उतरते. भुग्यातून उतरणारं अल्कोहोल पाण्यासारखं स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं नाही. मग ते आटवून खाली उरलेली राळ तोलायची. अस्सल अगर सावकाश सुटतो. सकाळी लावलं तर संध्याकाळ होते.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. दुपारी बातमी आली की फाउंटनकडे गोळीबार झाला. ट्रामा थांबल्या. साहेब प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन घरी जा म्हणत होते. माझ्यापाशी येऊन म्हणाले, अगरचं राहिलं असेल तर राहू दे, उघडल्यावर करू.

राहिलं होतं. अल्कोहोल अजून पिवळं उतरत होतं, मला दिसत होतं. पण कारखानीस पिशवी उचलून माझ्याकडेच बघत होते.

"झालंय, साहेब," मी म्हटलं.

एवढंच. मग जेवढं उतरलं होतं तेवढं घाईने आटवलं, तोललं. राळ फारच कमी भरली. माल अस्सल नाही, असं लिहून दिलं. साहेबांच्या वाटेतच व्यापाऱ्याचं घर होतं, ते कागद देऊन गेले. भुगा मी उरलेल्या अल्कोहोलमध्ये तसाच टाकून निघाले. दादरपर्यंत चालत.

कर्फ्यू उठून परत आले तेव्हा त्या भांड्यातलं अल्कोहोल कोऱ्या चहासारखं झालं होतं. समजायला क्षणही लागला नाही. तरी मी तो अर्क आटवला, राळ तोलली, आधीच्या वजनात मिळवली. मला खात्री करून घ्यायची होती — कशासाठी? माल अस्सल होता. मग मी राळ तोललेली बशी सोड्याने घासून धुतली.

दोन-तीन दिवसांनी तावड्यांची बायको आली. लालबागहून. माझ्याच वयाची, नाकात मोठी चमकी. खुर्ची दिली तरी बसली नाही. नवऱ्याला कामावरून काढलं होतं. चाळीत शेजारणी दार लोटून घेतात, म्हणाली; सासू जेवत नाही. मग हळूच, कोणी ऐकू नये अशा आवाजात:

"बाये, ह्येंनी चोरी करूक नाय. परत एकदा बघशील काय?"

कारखानीसांनी मान वर केली होती. साहेब आतल्या खोलीत होते; दार उघडं होतं, दहा पावलंही नव्हती. मी काय म्हटलं असेल?

"आमच्या तपासणीत चूक होत नाही."

शुद्ध, स्वच्छ मराठीत म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. मला वाटतं तिने माझ्यावर विश्वास ठेवला. त्या क्षणी तिने पहिल्यांदा नवऱ्याबद्दल शंका घेतली असेल का? हे मला फार नंतर सुचलं, आणि सुचल्यापासून त्याने पिच्छा सोडलेला नाही.

ती गेली. पुढे साहेबांनी मला कायम केलं.

महाराष्ट्र झाला त्या वेळी मी शिवाजी पार्कला गेले होते. गुलाल, ढोल, ओळख नसलेले लोक एकमेकांना पेढे भरवत होते. त्या गर्दीत ती दिसली, एकटीच. तिने मला ओळखलं. मला वाटलं आता काही बोलेल. ती अंग चोरून बाजूला झाली, आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "सर गो जरा, बाईंका जावंक दे."

मी त्या वाटेने पुढे गेले.

तावडे चोर नव्हते. हे त्यांच्या बायकोला सांगू शकेल असं माणूस एकच होतं, आणि ते तिच्या इतक्या जवळून गेलं की तिचा पदर माझ्या हाताला लागला.