हेडमास्तरांच्या चादरी

माझ्या धाकट्या आत्यानं एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली आणि तेवढ्या काळात तिनं एकही पेशंट पाहिला नाही. लाँड्री तळघरात होती. वरच्या मजल्यांवरून कपड्यांची गाठोडी धपाधप खाली यायची आणि धुऊन, वाळून, इस्त्री होऊन लिफ्टनं परत वर जायची. वर काय चाललंय ते आत्याला चादरींवरून कळायचं. रविवारी आमच्याकडे जेवायला आली की सांगायची, "तिसऱ्या मजल्यावर नवीन नर्स आलीय. औषध सांडवते." किंवा, "तो कोपऱ्यातल्या खाटेवरचा माणूस आता उठून बसायला लागला."

"तुला कसं कळलं?"

"चादर एका कडेलाच चुरगळलीय. पडून राहणारा माणूस सगळीच्या सगळी चुरगाळतो."

त्या माणसाचं नाव काय, त्याला झालं काय होतं, हे तिनं कधी विचारलं नाही. आपल्याला चादरीशी मतलब, असं तिचं म्हणणं.

रिटायर झाल्यावर ती दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची आणि स्वतःचे कपडे हातानं धुवायची. मशीन घे म्हटलं की म्हणायची, "मिठाईवाला घरी जाऊन मिठाई खातो का?" पुढे आमच्याकडे नवीन मशीन आलं, तेव्हा जुनं काय करायचं हा प्रश्न पडला. मी तिला न विचारता ते एका टेंपोत घालून तिच्या दारात नेऊन उभं केलं.

ते वरून कपडे टाकायचं मशीन होतं. टबच्या मधोमध पंखे असलेला एक जाड दांडा. तो अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे असा फिरतो आणि कपडे घुसळून काढतो. आत्यानं झाकण उघडून आत पाहिलं. हॉस्पिटलात तिच्या हाताखालच्या मशीनमध्ये पन्नास किलो कपडे बसायचे.

"खेळणं कुणाचं हे?" तिनं विचारलं.

मी हौसेनं नळी जोडली, सांडपाण्याचा पाइप बाथरूमच्या जाळीत सोडला आणि तिची एक डबलबेडची चादर त्या दांड्याभोवती व्यवस्थित गुंडाळून मशीन चालू केलं. धुणं ठीक झालं, पण कपडे पिळायची वेळ आली तसं मशीन धडधडायला लागलं आणि चालत निघालं. बाथरूमच्या दारापर्यंत आलं, तिथं नळी ताणली गेल्यामुळे थांबलं.

"याला बाहेर जायचंय बहुतेक," आत्या म्हणाली. मग तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि शिकवणी घेतली. दांड्याला कधी काही गुंडाळायचं नाही. कपडे सैल सोडायचे, गोल, चहूबाजूंनी सारखे. एक जड कपडा एकटा टाकायचा नाही, समोरच्या बाजूला त्याच्या वजनाचं काहीतरी हवं. आणि मुख्य म्हणजे टब गच्च भरायचा नाही. ते जुनं मशीन झाकण उघडं ठेवूनही धुवायचं, फक्त पिळायचं तेवढं बंद व्हायचं. त्यामुळे तिनं मला आत बघायला लावलं. कपडा दांड्याजवळ खाली बुडाला पाहिजे आणि कडेनं वर आला पाहिजे. फिरला तर धुतला जातोय. नुसता जागच्या जागी हलत असेल तर तो फक्त ओला होतोय.

हे मशीन आमच्याकडे नऊ वर्षं होतं. त्या नऊ वर्षांत आमचे कपडे फक्त ओले होत होते, हे मला त्या दिवशी समजलं. मी घरी हा विषय काढला नाही.

दोन आठवड्यांत आत्याचं आणि मशीनचं जमलं. तिनं पाण्यानं भरलेली ताटली वर ठेवून त्याचे चारही पाय एका पातळीत आणले. धुणं चालू असताना ती शेजारी उभी राहायची, हाताची घडी घालून, पूर्वी लाँड्रीत राहायची तशीच. आणि मग वरून ठिबकायला लागलं.

वरच्या मजल्यावर रिटायर झालेले हेडमास्तर राहायचे. त्यांच्या बाल्कनीतल्या दोरीवर रोज सकाळी दोन चादरी वाळत पडायच्या, आणि त्यांतून पाण्याची धार आत्याच्या वाळत आलेल्या कपड्यांवर. तिनं चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी वर जाऊन बेल वाजवली. हेडमास्तरांनी दार चार बोटं उघडलं.

"तुमच्या चादरींचं पाणी माझ्या कपड्यांवर पडतं," आत्या म्हणाली.

"पाणी खालीच पडणार, बाई. तो निसर्गनियम आहे."

"चादर पिळली तर कमी पडतं. तोही निसर्गनियमच आहे."

हेडमास्तरांचा स्वभाव असा, की नाकावर माशी बसू द्यायची नाही. त्यांनी दार लावून घेतलं. पण दार लागता लागता आत्याला त्यांचे हात दिसले. मनगटं सुजली होती आणि बोटांची कातडी साबणानं पांढरी पडून सोलवटली होती.

आता गोष्ट अशी, की हेडमास्तर घरात एकटेच राहतात असं सगळी बिल्डिंग धरून चालली होती. त्यांची बायको आठ महिन्यांपासून दिसली नव्हती. ती बहिणीकडे गेलीय, बहिणीची तब्येत बरी नसते, असं ते जिन्यात भेटेल त्याला न विचारता सांगायचे. आत्यानंही ते ऐकलं होतं. पण एकटा माणूस रोज दोन चादरी कशाला धुतो, हा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी रिकामी बादली घेऊन ती पुन्हा वर गेली.

"चादरी द्या. मशीनला लावते."

"उपकार नकोत."

"उपकार कसले? माझे कपडे भिजतायत."

त्या दिवशी त्यांनी दिल्या नाहीत. पण तीन दिवसांनी स्वतःच जिना उतरून आले. चादरी बादलीत होत्या आणि बादली त्यांनी दोन्ही कोपरांत धरली होती, कारण हाताची मूठ वळत नव्हती. दारात ठेवून निघून गेले.

तो रविवार होता आणि मी आत्याकडे होतो. तिनं पहिली चादर उलगडली. "ही धुतलेली नाही," ती म्हणाली. "नुसती बुचकळलीय." मग ती खिडकीशी गेली आणि चादर उजेडासमोर धरली. बराच वेळ तिनं ती खाली केली नाही. मग दुसरी तशीच धरली. दोन्हींवर, अगदी एकाच ठिकाणी, मधोमध, बांगडीएवढा एक डाग होता. आत पिवळसर, कडेला फिकट गुलाबी. दोन्ही चादरी जुन्या, मधे विरल्या म्हणून उभ्या फाडून कडेला कडा जोडून शिवलेल्या, आणि जाड शिवण बरोबर त्या डागाच्या मधून जात होती.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"पाठीला जखम आहे. माणूस पडून आहे आणि त्याला कुणी वळवत नाहीये."

लाँड्रीत असा डाग आला की आत्या ती चादर धुऊन वर पाठवताना टाचणीनं एक चिठ्ठी लावायची, 'पेशंटला कुशीवर वळवा'. खरं तर हे लाँड्रीचं काम नव्हतं. एकदा मेट्रननं तक्रारही केली होती, की तळघरानं आम्हाला शिकवू नये. पण चिठ्ठ्या चालूच राहिल्या आणि पुढे कुणी काही म्हणेनासं झालं.

आत्यानं डाग आधी गार पाण्यात भिजवला. गरम पाणी लावलं की असा डाग कायमचा मुक्कामाला येतो. मग दोन्ही चादरी समोरासमोर सैल सोडल्या आणि मशीन लावलं. वाळल्यावर घडी घातली, माझ्या हातात दिली, आणि जिन्याशी येऊन थांबली.

"चिठ्ठी लावू का?" तिनं मला विचारलं.

"आत्या, वरच्या मजल्यावर तर जायचंय. तोंडानं सांग."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिला विमान चालवायला सांगितलंय. मग चढायला लागली. चादरी घेऊन मी मागोमाग.

हेडमास्तरांनी दार उघडलं. चादरींचं काही बोलायचं सोडून आत्या म्हणाली, "तुमच्या मिसेसना कुशीवर वळवता का तुम्ही?"

"ती बहिणीकडे..."

"माकडहाडापाशी जखम आहे त्यांना. आठवडा झाला असेल. अजून वेळ गेलेली नाही, पण जाईल."

चाळीस वर्षं मुलांना उभं करून जाब विचारलेला माणूस आता स्वतः जाब द्यायला दारात उभा होता. तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला. स्पष्ट, गोड, अगदी कामाच्या वेळेतला.

"थांबा, जोडते."

हेडमास्तर दारातून बाजूला झाले. बोलता बोलता त्यांनी सगळं सांगितलं, आमच्याकडे न बघता, भिंतीकडे बघून. त्यांची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आठ महिन्यांपूर्वी तिची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. हे दोनच शब्द उरले. पाणी हवं असलं तरी तेच, दुखलं तरी तेच, राग आला तरी तेच. फक्त आवाजाची चाल बदलायची. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर पहिल्या दिवशी एक्स्चेंजमधली एक जुनी मैत्रीण बघायला आली, तेव्हा तिनं डाव्या हातानं चादर तोंडावर ओढून घेतली. तेव्हापासून हेडमास्तरांनी दार चार बोटांच्या वर उघडलं नाही. "तिला कुणी असं पाहिलेलं आवडत नाही," ते म्हणाले. "आणि वळवायचं म्हणता, तर मी प्रयत्न केला. ती ओरडते. मला वाटलं, दुखवण्यापेक्षा..."

आत्या आत गेली. मी दाराशी थांबलो. खोली स्वच्छ होती, खाट खिडकीशी. आत्यानं त्या बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. ती पायथ्याशी उभी राहून चादरीकडे बघत होती आणि तिनं खाटेची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच चादरीत माणूस होता.

बाईंनी तिला नीट निरखून पाहिलं. चादर तोंडावर ओढली नाही. मग म्हणाल्या, "थांबा, जोडते."

"थांबते," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. जखम उथळ होती. त्यांनी मलमपट्टी सांगितली आणि दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितली. कसं वळवायचं ते दाखवायला आठवडाभर एक नर्स येऊन गेली. हेडमास्तरांनी भिंतीवर शाळेसारखं वेळापत्रक लावलं, फक्त एकेक तास दोन तासांचा. पहिला तास डावी कूस, दुसरा तास उजवी कूस, मधली सुट्टी जेवणाची. आत्यानं शिवणीच्या चादरी जप्त करून त्यांची फडकी केली. वळवलं की बाई ओरडायच्या, "थांबा, जोडते!" आणि हेडमास्तर म्हणायचे, "हो, हो, जोड." तरी वळवायचे.

चादरी धुवायला हेडमास्तर रोज खाली यायला लागले. मशीन आपणच लावणार, हा त्यांचा हट्ट. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आत्या म्हणायची, आणि चादर तर यांना पिळता येत नाही. त्यांनी वही आणली होती. पहिल्या दिवशी त्यांनी टब गळ्यापर्यंत भरला, वर पावडर ओतली आणि चादर दांड्याला गुंडाळली.

"मास्तर, तीन चुका," आत्या म्हणाली.

"दोन. पावडरीबद्दल तुम्ही सांगितलं नव्हतं."

"पावडर आधी, मग पाणी, मग कपडे. लिहा."

त्यांनी लिहिलं. महिन्याभरात ते झाकण उघडून उभे राहायला लागले, आत्याच्या शेजारी, हाताची घडी घालून. दोघं आत बघत राहायचे. बोलण्यासारखं त्यांच्यात फारसं काही नव्हतं. "फिरतेय," हेडमास्तर म्हणायचे. "फिरतेय," आत्या म्हणायची.

जखम भरायला साडेतीन महिने लागले. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी पाठ पाहिली आणि काळजी कुणी घेतली, घरात नर्स कोण आहे, असं आत्याकडे बघून विचारलं. "मी खालची," आत्या म्हणाली. डॉक्टरांना ते कळलं नाही, पण घाईत होते.

बाईंचा उजवा हात काही सुधारला नाही आणि वाचाही आली नाही. पण बसता यायला लागलं, तसं त्यांना काम हवं झालं. डाव्या हातानं त्या पलंगावरचं सगळं उगाच ओढायच्या. एक दिवस आत्यानं धुतलेल्या छोट्या टॉवेलांचा ढीग त्यांच्या मांडीवर ठेवला आणि घडी कशी घालायची ते एकदा दाखवलं.

घडीच्या बाबतीत आत्या दयामाया दाखवत नाही. आमच्याकडे येते तेव्हा कपाट उघडून माझ्या बायकोनं घातलेल्या घड्या उलगडते आणि पुन्हा घालते. माझी बायको तेवढा वेळ स्वयंपाकघरात काहीतरी जोरात आपटत असते. कोपऱ्याला कोपरा, कडेला कडा, आणि घडीचं तोंड आतल्या बाजूला, यात सूट नाही.

मी परवा गेलो तेव्हा आत्या वरच होती. बाई उशीला टेकून टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. एका टॉवेलाला पाच-सात मिनिटं लागत होती. हनुवटीखाली एक टोक धरायचं, डाव्या हातानं दुसरं आणायचं, ते निसटायचं, पुन्हा आणायचं. झालेली घडी तिरकी, एक कोपरा बाहेर लोंबलेला. सहा टॉवेल झाल्यावर त्यांनी ढिगावर हात ठेवला आणि आत्याकडे पाहिलं.

आत्यानं ढीग उचलला. खालून वरपर्यंत नजर टाकली. मला वाटलं, आता उलगडणार. ती कपाटापाशी गेली, ढीग होता तसा आत ठेवला, बाहेर आलेला कोपराही तसाच राहू दिला, आणि दार लावलं. ते नीट लागेना. तिनं गुडघा लावून ते बसवलं.