राबाचा विस्तव: शहापूर ते मुरबाड, चार दिवस

कॉलेज सोडून तीन महिने झाले होते आणि घरात माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. रसायनाच्या प्राध्यापकांशी वर्गात वाद घातला, ते म्हणाले बाहेर जा, मी बाहेर पडलो तो थेट कल्याणला घरी आलो. त्याचा पस्तावा मला आजही नाही. आईचं म्हणणं मात्र असं, की डोकं तापलं म्हणजे मला पुढचं दिसत नाही. आणि असा मी, ऐन चैत्रात, वाळक्या गवताच्या मुलखात, आगीच्या कामाला निघालो!

कारण सांगून टाकतो. पौषात म्हसा गावच्या जत्रेत वडिलांबरोबर बैल बघायला गेलो होतो. तिथे लांबच्या नात्यातले धोंडूभाऊ भेटले आणि त्यांच्या मागे त्यांची मुलगी गोदी. बैलाच्या दातांवरून दोघा म्हाताऱ्यांनी तासभर घोळ घातला. त्या तासात गोदी माझ्याकडे बघून दोनदा हसली. दुसऱ्यांदा मी शेणात पाय दिला म्हणून हसली, पण हसली! तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. शेवटी वडिलांनी शब्द टाकला. धोंडूभाऊंचा निरोप आला, "पोरगा कामाला कसा हाय ते बघू. राबाच्या टायमाला पाठवा."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं बी ज्या तुकड्यात पेरायचं, त्यावर पावसाआधी शेण, पालापाचोळा, गवत पसरतात, वर बारीक माती टाकतात आणि तो तुकडा भाजून काढतात. त्याला राब म्हणायचं. जमीन भाजली की तण मरतं, रोप जोमानं येतं.

कल्याणहून सकाळच्या गाडीनं आसनगाव, तिथून तांग्यानं शहापूर. तांगेवाला चार आणे मागतो, तीन घेतो. शहापूरच्या बाजारात जेवून घ्या, पुढे वाटेत काही मिळत नाही. महायुद्धामुळे रॉकेल आणि काडेपेट्या दोन्ही दुर्मिळ. तीन दुकानं फिरलो तेव्हा एक काडेपेटी मिळाली, तीही वाणी ओळखीचा निघाला म्हणून. ती मी सासुरवाडीच्या भेटीसाठी म्हणून खिशात जपून ठेवली.

किन्हवलीपर्यंत बैलगाडी मिळाली. दोन्ही बाजूंना गवत इतकं वाळलेलं की चाकाच्या वाऱ्यानंसुद्धा खसखसत होतं. मी ऐटीत विडी ओढली आणि थोटूक बाहेर भिरकावलं. गाडीवानानं बैल थांबवले, खाली उतरला, वीस पावलं मागे चालत गेला, थोटूक शोधलं, टाचेखाली चिरडलं आणि परत येऊन बसला.

"अहो, एवढंसं तर होतं," मी म्हणालो.

"एवढंसंच लागतं, दादा," तो म्हणाला आणि बैल हाकले. किन्हवली येईपर्यंत मी पुन्हा विडी काढली नाही.

तिथून दोन कोस पायी. पाणी बरोबर ठेवा, वाटेतला झरा या दिवसांत आटलेला असतो. तिन्हीसांजेला पोचलो. धोंडूभाऊंची आठ घरांची वाडी, सगळी छपरं गवताची, आणि मागे लगेच सागाचं जंगल. रात्री नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं आणि कैरीचा ठेचा होता. असं जेवण कल्याणात मिळत नाही, हे मी मोठ्यानं म्हणालो, म्हणजे आत ऐकू जावं. आतून बांगड्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो तर गोदी चुलीतले निखारे राखेखाली दाबून वर फुटका तवा उपडा घालत होती. दिवस वर आला की वाडीत एकही चूल पेटत नाही. सगळा स्वयंपाक त्याच्या आत. प्रत्येक दाराशी पाण्यानं भरलेली दोन मडकी, आणि भिंतीला टेकून लोखंडी आकडा बसवलेला लांब बांबू.

"हा कशाला?" मी विचारलं.

"छपराला आग लागली का जळतं गवात खाली वढायचं," गोदी म्हणाली. "कालेजात नाय शिकवलं?"

मी रसायनातलं काहीतरी बोलणार होतो, पण ती मडकं घेऊन निघून गेली.

तो दिवस अंग मोडून गेला. राबाचा तुकडा आणि जंगल यांच्या मध्ये भाऊंनी सहा हात रुंदीची पट्टी आखली होती. तिच्यातलं गवत मुळापासून कापायचं, पाला झाडायचा, काडीही ठेवायची नाही. मी कापत होतो, गोदी आणि तिची आई, म्हणजे काकी, झाडत होत्या. दुपारपर्यंत हाताला फोड आले.

"भाऊ, तीन हात पुरतील की," मी म्हणालो.

"तीन हातावरनं आग उडी मारते रे."

"मग राब कधी पेटवायचा?"

"उद्या. वारा बघून. विस्तव मी देनार." मग कोयता पुसत म्हणाले, "आमच्या घरात राबाला विस्तव घरचाच मानूस देतो. गड्याच्या हाती देत नाय, पावण्याच्या बी नाय."

हे ऐकून माझं डोकं तापलं. मी पाहुणा? फोड काय पाहुण्याच्या हाताला येतात?

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ शेजाऱ्यांना बोलवायला गेले. राब पेटवायचा तर चार माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन उभी हवीत, असा त्यांचा नेम. मी राबाशी एकटाच. पूर्वेकडून, डोंगराच्या बाजूनं, मंद वारा येत होता. मला वाटलं, भाऊ परत येईपर्यंत काम उरकून दाखवावं. खिशात ती काडेपेटी होतीच. वाऱ्याच्या बाजूनं पेटवलं तर पटकन जळेल, हे तर शेंबडं पोरही सांगेल! मी पूर्वेच्या कोपऱ्यात काडी ओढली.

पटकन जळलं हे खरं. ज्वाळा माझ्या कमरेइतकी उठली आणि वाऱ्याबरोबर पळत सुटली. वरचा पाला भुरकन उडाला, खालची माती तापलीसुद्धा नाही. बघता बघता आग पश्चिमेच्या बांधावर चढली. पलीकडे आमची पट्टी, तिच्या पलीकडे जंगल, आणि जंगलाच्या कडेनं वळून आली तर आठ छपरं.

मी ओरडलो. पहिली धावत आली ती गोदी, हातात करंजाची हिरवी फांदी. "वरनं मारू नको, ठिणग्या उडतात!" ती किंचाळली. "दाबून धर! दाबून!" मी दुसरी फांदी तोडली. भुवई जळाल्याचा वास आला, तो माझ्याच भुवईचा. मागून भाऊ आणि शेजारी आले. आग पट्टीच्या काठाशी पोचली, पुढे खायला काही नाही म्हणून घुटमळली, आणि तिथेच आम्ही तिला आडवं केलं. दोन ठिणग्या पट्टीवर पडल्या. उघड्या मातीत विझल्या.

सहा हात. तीन असते तर हे लिहायला मला तोंड उरलं नसतं.

भाऊंनी जळलेल्या राबात हात घातला. "वर काळं, खाली गार. अर्धा राब परत पसरायला लागंल." माझ्याकडे वळून म्हणाले, "राब वारा जातो त्या अंगानं पेटवायचा असतो, रे. म्हंजे आग वाऱ्याशी भांडत, हळूहळू मागं सरकते आन् माती भाजते. तू तिला पळायला मोकळं सोडलंस."

"चुकलं, भाऊ." जन्मात इतक्या लवकर मी हा शब्द उच्चारला नव्हता.

"मग आता बस बांधावर. त्या सागाच्या खुंटाजवळ. सांजपातूर."

एवढीच शिक्षा? मनात म्हटलं, सोपी आहे. बसलो. दुपारी वारा फिरला, पश्चिमेचा सुटला. तेव्हा खुंटाच्या मुळाशी मातीतून केसाएवढा धूर दिसला. विझलेली आग मुळात शिरून बसली होती! या वेळी मी ओरडलो नाही. बांधावर पडलेल्या कुदळीनं माती उकरली, मुळी तोडली, निखारा बाहेर काढला, सकाळी आग विझवायला आणलेलं मडकं ओतलं, माती कालवली, पुन्हा ओतलं. हाताच्या पाठीनं चाचपून बघितलं. एके ठिकाणी अजून ऊब होती. तिथे पुन्हा खणलं.

वर बघतो तर भाऊ उभे. त्यांनी वाकून त्या चिखलात बोटं घातली, खोलवर फिरवली, आणि निघून गेले. संध्याकाळी गोदीनं माझ्या भुवईला लावायला खोबरेल दिलं. "आता दुसरी बी तशीच करून टाका," ती म्हणाली आणि तिसऱ्यांदा हसली.

चौथ्या दिवशी परत. काळू नदी गुडघाभर पाण्यातून ओलांडून मुरबाडला आलो. तिथून कल्याणची मोटर हल्ली पेट्रोलऐवजी कोळशाच्या धुरावर चालते. मागे भट्टी बसवलेली. चढावर दमली की सगळ्यांनी उतरायचं. वाटेत क्लीनरनं भट्टीची राख रस्त्याकडेच्या गवतात झाडली. मी उतरलो.

"ती उचला आणि मातीत पुरा."

"ओ साहेब, गाडी लेट होईल."

"होऊ द्या. खाली निखारा आहे." मीच पायानं खड्डा केला. दोन उतारू कुरकुरले, एका म्हाताऱ्यानं आपल्या तांब्यातलं पाणी ओतलं.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा चुलीजवळची गोवऱ्यांची रास परसात हलवली, रॉकेलचा डबा देवळीतून काढला, आणि न्हाणीच्या दाराशी दोन मडकी भरून ठेवली. आई कमरेवर हात ठेवून बघत होती. "हे सगळं होऊ दे. भाऊ काय म्हणाले ते सांग. हो की नाही?"

"हो नाही म्हणाले. नाही पण नाही म्हणाले."

"मग?"

वाडीच्या वेशीपर्यंत भाऊ मला सोडायला आले होते. पायवाट सुरू झाली तेव्हा त्यांनी माझ्या खिशातून ती काडेपेटी काढून घेतली, कानाशी हलवून काड्यांचा अंदाज घेतला आणि आपल्या कनवटीला लावली.

"ही माझ्यापाशी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पुढल्या चैतात लवकर ये. राबाला विस्तव तू दे."