पांढऱ्या गोधडीवरचा काळा ठिपका

ती घटना आज आठवली तरी माझ्या मिशीचं डावं टोक आपोआप वर जातं. चौतीस वर्षं पोलीस खात्यात काढली. दरारा असा, की एकदा ठाण्यात मी नुसता खाकरलो आणि शेजारच्या तालुक्यातल्या दोन चोरांनी कबुली दिली. त्यातला एक त्या गुन्ह्यात नव्हताच, पण आता दिलीय तर असू दे म्हणाला. तरीही सर्वांत अवघड केस कोणती विचाराल, तर ती निवृत्तीनंतरची, आणि तीही अमेरिकेतली. अंगावर खाकी नाही, हाताशी हवालदार नाही, आणि संशयितांपैकी निम्म्यांशी इंग्रजीत बोलायचं. संबंधित मंडळी अजून तिथेच राहतात, म्हणून नावं देत नाही.

मुलगा आणि सून तिकडे चँडलर शहरात असतात; तेव्हा मी त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. सून कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर आहे. तिथे आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालावा लागतो, कारण धुळीचा एक कण चिपवर बसला तर माल बाद. असे जुने झालेले झगे मागून आणून सुनेने दोन वर्षं शनिवार-रविवार बसून एक गोधडी शिवली. पांढऱ्यावर पांढरे टाके, उंची बारा फूट. मी म्हणालो होतो, "अगं, हिच्यात आख्खी राखीव पोलिसांची तुकडी झोपेल." नवोदित कलाकारांच्या एका प्रदर्शनात ती गोधडी निवडली गेली आणि दालनाच्या मधल्या भिंतीवर लागली. खालची दोन हात किनार जमिनीवर पसरलेली. शेजारच्या फलकावर एकच ओळ: 'यावर एकही डाग नाही.' उद्घाटनाच्या आधीच तिथल्या पेपरात सुनेचा फोटो आला.

आता खोटं कशाला बोलू, मला तो फोटो सोसला नाही. चौतीस वर्षांत माझा फोटो पेपरात दोनदा आला. एकदा मंत्र्याच्या मागे माझा अर्धा कान दिसला, आणि दुसऱ्यांदा चुकून माझ्या फोटोखाली आरोपीचं नाव छापलं. आणि ही पोरगी गोधडी शिवून पहिल्याच फटक्यात पाव पानभर!

उद्घाटन शनिवारी. गुरुवारी सकाळी सुनेचा फोन आला, "बाबा, कोणीतरी माझं काम खराब केलंय." मुलाने गाडी काढली. मी घटनास्थळी पोचलो तेव्हा गोधडीसमोर सहासात जण जमले होते. प्रथम एका आरोळीत सगळ्यांना दहा पावलं मागे सारलं. तो आवाज ऐकून दोन गल्ल्यांपलीकडे एका मोटारीचा भोंगा आपोआप वाजू लागला, हे मुलगाही सांगेल. मग पाहणी केली. डाव्या कडेला, कमरेच्या उंचीवर, तुरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. एरवी लक्षातही आला नसता. पण त्या पांढऱ्यावर तो विहिरीएवढा दिसत होता.

दालनाच्या प्रमुख बाईंनी नियम सांगितला. दुसऱ्याच्या कामाला हात लावणारा कलाकार प्रदर्शनातून बाहेर. आणि शनिवार दुपारपर्यंत डाग निघाला नाही तर गोधडी उतरवायची, कारण फलकावरची ओळ खोटी ठरते. सुनेचा चेहरा त्या गोधडीपेक्षा पांढरा पडला.

संशय पहिल्यांदा गेला काजळीने चित्रं काढणाऱ्या एका दाढीवाल्या गोऱ्यावर. त्याच्या मते मधली भिंत त्याची होती, आणि हे तो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. त्याला खुर्चीवर बसवला, समोर मी बसलो, आणि काही बोललोच नाही. ही माझी खास पद्धत. चौथ्या मिनिटाला त्याने कबूल केलं, की त्याला माझ्या सुनेचा राग येतो, शेजारच्या तारकाम करणाऱ्या मुलीचा येतो आणि स्वतःच्या भावाचाही येतो. एवढ्यात मी उठून ठिपक्याच्या कडेला करंगळी लावून बोटावर चोळली. तेलकट. त्याची काजळी कोरडी, फुंकर मारली तर उडणारी. सोडून दिला. जाताना म्हणाला, इतकं मोकळं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

खबर मिळाली ती दारावरच्या म्हाताऱ्याकडून. टपाल खात्यातून निवृत्त होऊन तो तिथे येणाऱ्यांची नावं वहीत लिहून घेत बसायचा. निवृत्त माणसाला निवृत्त माणूस ओळखतो. मुलाने दुभाष्याचं काम केलं. बुधवारी दुपारी, म्हातारा म्हणाला, एक बाई त्या गोधडीपुढे एकटी अर्धा तास उभी होती. चेहरा नीट पाहिला नाही, आणि कलाकारांची नावं तो वहीत लिहीत नसे, पण एक गोष्ट लक्षात राहिली. पुढे जाण्याआधी तिने पायातले बूट काढून बाजूला ठेवले.

मी तिथेच मिशीवरून हात फिरवला. किनार जमिनीवर पसरलेली होती. अंथरुणावर बूट घालून पाय ठेवायचा नाही, हे अंगात मुरलेलं माणूस आपल्याकडचं. त्या प्रदर्शनात आपल्याकडची माणसं दोनच. एक माझी सून. दुसरी तिची मैत्रीण, तांब्याच्या तारेची कामं करणारी. मूळची नागपूरची, सुनेच्याच कंपनीत, दोघी एकाच गाडीतून कामाला जायच्या.

पण मनात एक खटकत होतं. नासधूस करायला आलेला माणूस बूट काढून ठेवत नाही.

शुक्रवारी सकाळी ती मैत्रीण रजा टाकून सुनेची विचारपूस करायला आमच्या घरी आली. सूनही घरीच असेल असं तिला वाटलं होतं, पण सून कामावर गेली होती. मी तिला स्वयंपाकघरात बसवलं, चहा टाकला, आलं जरा जास्तच किसलं. पक्क्या गुन्हेगाराला दरडावता येतं. साध्या माणसासमोर आधी आपण काहीतरी कबूल करावं लागतं.

"तुला म्हणून सांगतो," मी म्हणालो, "मला माझ्या सुनेचा हेवा वाटतो. त्या पेपरावर मी मुद्दाम कांदे चिरले."

ती खो खो हसली. "काका, तुम्ही पण ना!" मग कप खाली ठेवला. "यार, माझ्यापुढे तुमचा हेवा म्हणजे काहीच नाही."

"तुझा किती आहे?"

"बारा वर्षं करतेय मी हे. बारा! हिने दोन वर्षांपूर्वी टाइमपास म्हणून सुई हातात घेतली. या प्रदर्शनाचा फॉर्म हिला मी भरून दिला, काका. हिला तर डेडलाइन पण माहीत नव्हती. आणि हिला मधली भिंत, मला टॉयलेटच्या शेजारी! लोक माझ्यासमोर थांबतात ते रांग आहे म्हणून."

"म्हणून ठिपका लावलास?"

मी हे चहा ओतताना सहज विचारलं.

"खराब नाही केलं हो मी," ती म्हणाली. "बुधवारी मी माझं काम लावून झाल्यावर तिचं बघत उभी राहिले. इतकं सुंदर होतं ना, की मला वाटलं, हे उसवून खाली यावं. आत्ता, माझ्यासमोर. खरंच वाटलं. आणि मग घाबरले. म्हटलं, इतकं जळून बघतेय मी, माझीच नजर लागेल हिला. पर्समध्ये काजळ होतं. तीट लावली. बाळाला लावतात तशी, कडेला, छोटीशी." तिने कप बाजूला सारला. "फलक नंतर वाचला मी. मला काढतील का हो, काका? माझं पहिलं प्रदर्शन आहे."

माझ्या चौतीस वर्षांत आरोपीनेच आपल्या विरुद्ध बंदोबस्त लावल्याचं हे एकमेव उदाहरण.

तपासाचा अहवाल आधी फिर्यादीला द्यायचा, असं मी ठरवलं. संध्याकाळी सून आली. सगळं सांगितलं. आधी तिचा पारा चढला. "बाबा, तिने? रोज एका गाडीत बसतो आम्ही! तोंडावर म्हणायची, मस्त झालंय, मस्त झालंय!" तिने दालनाच्या बाईंना लावायला फोन उचललासुद्धा. मी म्हणालो, "लाव. फक्त एवढं लक्षात घे, उद्या तिची तारेची कामं भिंतीवरून उतरतील." ती फोन हातात धरून उभी राहिली.

"उसवून खाली यावं, असं म्हणाली ती?"

"हो."

"अगदी असंच?"

"अगदी असंच. अर्धा तास बघत होती."

सून हळूच हसली. तिला हसू लपवायचं होतं, पण जमलं नाही. "बाबा, माझ्या कामाबद्दल इतकं चांगलं अजून कोणी बोललेलं नाही."

मग फोन लागला, पण बोलणं वेगळंच झालं. ठिपका आम्ही दोघींनी ठरवून लावला, सांगायचं राहिलं, म्हणाली. धडधडीत खोटी जबानी, आणि तीही माझ्यासमोर. मी खिडकीबाहेर बघत होतो. तीट म्हणजे काय ते ऐकून बाई इतक्या खूश झाल्या, की शनिवारी नवा फलक तयार होता. त्यावर सुनेचं नाव, आणि खाली: 'ठिपका', पुढे मैत्रिणीचं नाव.

उद्घाटनाला लोक बारा फूट गोधडी सोडून त्या तुरीच्या दाण्यापुढे वाकून उभे. दाढीवाला एका कोपऱ्यात धुमसत होता. मैत्रीण माझ्याजवळ आली.

"काका, बघा ना! बारा वर्षं तार वाकवली, तिकडे कोणी नाही. आणि एका सेकंदाच्या ठिपक्याला ही गर्दी!"

"आता कुणाचा हेवा करतेस?"

"माझाच," ती म्हणाली, आणि डोळे पुसत पुसत हसली.

मी तो फलक दोनदा वाचला. तपासी अधिकाऱ्याचं नाव कुठेही नव्हतं.

नोकरीत असताना द्वेष आणि हेवा मी एकाच कलमात घालत आलो. ती चूक होती. द्वेष करणारा वस्तूकडे धड बघतही नाही, फोडून मोकळा होतो. हेवा करणाऱ्याला एकेक टाका पाठ असतो. पुढच्या महिनाभरात त्या दालनात लाखभर माणसं येऊन गेली असतील, बरं, हजारभर म्हणा. पण ती गोधडी सर्वांत नीट पाहिली ती आरोपीने. दुसरा नंबर माझा.