परत आलेला माल

माझ्या मामाच्या हातचा माल आयुष्यात एकदाच परत आला होता. एक दार, ओल लागून फुगलेलं. तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता आणि मामीशी बोललाही नव्हता, जणू दार तिनेच फुगवलं होतं.

सुतारकी सोडल्यावर म्हातारपणी त्याला पाणथळीच्या अभयारण्यातून बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी तळ्यात मधोमध नवं बेट तयार केलं होतं. दुरून येणाऱ्या सुरय पक्ष्यांनी तिथे घरटी करावीत, एवढीच इच्छा. पण सुरय महासंशयी. आपल्यातलं कुणी आधीच बसलेलं दिसल्याशिवाय खाली उतरायचं नाव नाही. म्हणून साहेबांना चाळीस लाकडी सुरय हवे होते. मामाने काळी टोपी, नारिंगी चोच, दुभंगलेली शेपटी असं सगळं इतकं हुबेहूब केलं, की आमच्या मांजराने एकाला तोंडात धरून अंगणभर मिरवलं.

होडीतून जाऊन मामाने स्वतः ते बेटावर रोवले. दोन हंगाम गेले. सुरय यायचे, वरून घिरट्या घालायचे आणि निघून जायचे. तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर साहेब अवघडून म्हणाले, "काका, यंदाही बसले नाहीत तर बेट मोडावं लागेल. तुमचे पक्षी परत पाठवतो."

मामाचं तोंड एवढंसं झालं. मला तर भीतीच वाटली, या वयात दोन दिवसांचा उपास त्याला झेपणार नव्हता.

मग एका सकाळी मी दोघांना तळ्याकाठच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर नेलं. मामी तिथे पहिल्यांदाच येत होती. तिने दुर्बीण डोळ्याला लावून लाकडी पक्षी न्याहाळले.

"अहो, हे सगळे आपल्याकडे का बघतायत?"

"मग? लोक इथूनच बघणार ना. चेहरे दिसायला नकोत?"

"वारा तिकडून येतोय. वाऱ्याला पाठ करून कुठला पक्षी बसतो? पिसं उलटी होतात. माझ्या कोंबड्यासुद्धा नाही बसत."

जन्मभर कपाटाचं तोंड खोलीकडे ठेवणाऱ्या माणसाने पक्ष्यांचंही तोंड गिऱ्हाइकाकडे केलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याने होडी काढायला लावली आणि एकेक पक्षी उपटून वाऱ्याकडे वळवला.

नवव्या दिवशी पहारेकऱ्याचा फोन आला. आम्ही धावतच गेलो. बेटावर पक्षीच पक्षी, सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले.

"यातले माझे कुठले?" मामाने दुर्बीण न सोडता विचारलं.

"जे भांडत नाहीत ते," मामी म्हणाली.

पुढच्या वर्षी घरट्यांना जागा पुरेना. साहेब स्वतः दोन पोती घेऊन घरी आले. "काका, आता यांची गरज उरली नाही हो!"

संध्याकाळी मामा अंगणातल्या नळाखाली एकेक पक्षी घासत बसला होता. रंग उडालेले, शिटांनी माखलेले पक्षी. आणि हा चक्क गुणगुणत होता.

"माल परत आला ना शेवटी?" मामीने चिडवलं.

"आला की! सगळाच्या सगळा आला," मामा म्हणाला. "वाढ लवकर, सपाटून भूक लागलीये."